हशा कापायचा नाही: ‘मेडियाज बिग हॅपी फॅमिली’च्या डीव्हीडीचा प्रकरण अभ्यास

२०१० च्या सुरुवातीला अमेरिकी नाटककार-नट टायलर पेरी पाच वर्षांनी पुन्हा करडा विग, मोठा चष्मा आणि फुलाफुलांचा झगा घालून रंगमंचावर आला. आदल्याच डिसेंबरात त्याची आई गेली होती आणि ‘मेडियाज बिग हॅपी फॅमिली’ हे नवं नाटकही आईच्या आजारपणाचंच होतं. शर्लीचा कॅन्सर पसरलाय. मुलांना एकत्र बसवून हे सांगायचं, एवढीच तिची इच्छा आहे. पण मुलं एकमेकांच्या उरावर बसलेली, एका खोलीत धड पाच मिनिटं टिकत नाहीत. मग मेडिया नावाची धिप्पाड, तोंडाळ, पर्समध्ये पिस्तूल बाळगणारी आजी सगळ्यांना दमात घेऊन खाली बसवते. मेडिया अर्थातच पेरी स्वतः. शर्लीच्या भूमिकेत चँड्रा करेली आणि आन्ट बॅमच्या भूमिकेत कॅसी डेव्हिस.

अमेरिकेतल्या एकेका शहरात प्रयोग झाले, नोव्हेंबर २०१० मध्ये लायन्सगेट या चित्रपट कंपनीने प्रयोगाची डीव्हीडी बाजारात आणली आणि एप्रिल २०११ मध्ये त्याच नावाचा चित्रपट लागला. दीड वर्षात एकच गोष्ट तीन वेळा विकली गेली, तीही बऱ्याच अंशी त्याच प्रेक्षकवर्गाला. नाटकाचं चित्रीकरण करणाऱ्या कुणालाही इथे प्रश्न पडायला हवा. पाच महिन्यांत खराखुरा चित्रपट येणार असताना, एका दिवाणखान्याच्या सेटवर घेतलेली अडीचेक तासांची तबकडी माणसं विकत का घेतात?

आमचं उत्तर असं की, त्या तबकडीवर चित्रपटात कधीच येऊ न शकणारी एक गोष्ट असते: सभागृहात बसलेली माणसं. कॅमेरे, माइक, दिवे, संकलन यांबद्दलचे या प्रकारातले जवळपास सगळे चांगले-वाईट निर्णय या एका मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

नाटकाचा घाट

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं, म्हणजे गॉस्पेल, रंगमंचावर आणायची परंपरा जुनी आहे. कवी लँग्स्टन ह्यूजचं ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ १९६१ मध्ये न्यूयॉर्कला झालं. १९८३ मध्ये व्हाय हिगिन्सनच्या ‘मामा, आय वॉन्ट टू सिंग’ने दाखवून दिलं की ब्रॉडवेच्या वाटेला न जाता, चर्चमधून बसगाड्या भरून येणाऱ्या प्रेक्षकांच्या जिवावर नाटक वर्षानुवर्षं चालू शकतं. पेरी याच रस्त्याने आला. १९९२ मध्ये साठवलेले १२,००० डॉलर घालून त्याने अटलांटात पहिलं नाटक लावलं, त्याला जेमतेम ३० माणसं आली. १९९८ मध्ये तेच नाटक त्याच शहरात पुन्हा उभं राहिलं, तेव्हा मात्र गर्दी लोटली. २००५ मध्ये ‘फोर्ब्ज’ने त्याचा हिशेब मांडला: तिकिटांतून १० कोटी डॉलरहून जास्त, प्रयोगांच्या व्हिडिओंतून ३ कोटी आणि इतर मालातून अंदाजे २ कोटी.

त्यातले व्हिडिओचे ३ कोटी लक्षात ठेवावेत. पहिला चित्रपट येण्याआधीच मेडिया घराघरांत पोचली होती, ती या कॅसेट आणि तबकड्यांमुळे. २००५ मधला तो पहिला चित्रपट सुमारे ५५ लाख डॉलरमध्ये झाला आणि पहिल्याच आठवड्याअखेर २ कोटींच्या वर कमावून गेला. चित्रपटधंद्यातली मंडळी चकित झाली. चकित व्हायचं खरं तर काही कारण नव्हतं, पेरीचा प्रेक्षक आधीच तयार होता.

घाट ठरलेला असतो. एकच घर: डावीकडे स्वयंपाकघर, मधे सोफा, मागे जिना, उजवीकडे बाहेरचं दार. भांडण, विनोद, गाणं, पुन्हा भांडण, मग कुणाची तरी कबुली, क्षमा, आणि शेवटी उभं राहून टाळ्या वाजवायला लावणारं गाणं. मधे मेडिया गोष्ट बाजूला ठेवून थेट प्रेक्षकांशी बोलायला लागते. ‘बिग हॅपी फॅमिली’च्या दुसऱ्या अंकात तर ती जुन्या काळच्या गाण्यांची मैफलच लावते. आणि प्रेक्षक गप्प बसत नाहीत. पाद्र्याच्या प्रवचनाला बाकावरून ‘आमेन’, ‘सांग, सांग त्यांना’ अशी साद जाते, तशीच ती इथेही जाते. नट त्या सादेवर पुढचं वाक्य टाकतो, कधी ते वाक्यच बदलतो. संहितेचा निम्मा भाग खुर्च्यांमध्ये बसलेला असतो, म्हटलं तरी चालेल. गोव्यातल्या तियात्राच्या व्हीसीडी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. हॉलमधल्या शिट्या ऐकू आल्या तरच घरी बसून कांतार, म्हणजे तियात्रातलं गाणं, रंगतं.

दोन प्रयोग एकमेकांना जुळत नाहीत

साध्या नाटकाचं चित्रीकरण करताना नेहमीची रीत अशी: दोन प्रयोग प्रेक्षकांसह घ्यायचे, एक सत्र रिकाम्या सभागृहात क्लोजअपसाठी ठेवायचं आणि तिन्हींतून एक चांगली आवृत्ती जोडायची. गॉस्पेल विनोदी नाटकात ही रीत अर्धीच चालते.

कारण ॲडिशन, म्हणजे नटाने ऐनवेळी घातलेली संहितेबाहेरची भर. पेरी एका प्रयोगात सहनटाच्या बुटांवर तीन मिनिटं बोलेल, दुसऱ्यात त्याच जागी पहिल्या रांगेत उशिरा आलेल्या बाईला धरेल. समोरचा नट हसू आवरता आवरता बेअरिंग सोडतो, पात्रातून बाहेर येतो आणि प्रेक्षकांना नेमकं तेच हवं असतं. दोन्ही रात्रींचा मजकूर वेगळा, हशाची लांबी वेगळी, नटांच्या जागा वेगळ्या. शनिवारचा क्लोजअप शुक्रवारच्या हशावर चिकटवला की ओठ जुळतात पण डोळे जुळत नाहीत. हसणारा नट आधीच सावरलेला दिसतो.

म्हणून एक प्रयोग ‘आई’ मानावा. संकलन सलग त्याच रात्रीचं. दुसरा प्रयोग सुट्या भागांसारखा वापरायचा: माइक खरखरला, कॅमेऱ्यासमोर कुणी उठून उभं राहिलं, गाण्यात सूर निसटला, एवढ्यापुरता. गाणी मात्र जास्त मोकळेपणाने बदलता येतात, कारण तिथे लय ठरलेली असते. तरी बँड हाताने वाजतो, क्लिकवर (कानातल्या यांत्रिक ठोक्यावर) नव्हे. दोन रात्रींच्या गतीत मिनिटाला तीन-चार ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि एका कडव्याच्या मधोमध रात्र बदलली तर तो कळतोच. बदलायचं तर पूर्ण गाणं बदलावं, आणि जोड टाळ्यांच्या कडकडाटाखाली लपवावा.

रिकाम्या सभागृहातलं सत्र आम्ही या प्रकारात जवळजवळ निरुपयोगी मानतो. ज्याला उत्तर द्यायला कुणी नाही अशी मेडिया दहा सेकंदांत खोटी वाटायला लागते. त्या सत्रात वस्तूंचे शॉट घ्यावेत: पर्समधलं पिस्तूल, औषधाची बाटली, भिंतीवरचा फोटो.

सातत्याची वही दोन्ही रात्री एकाच माणसाकडे असावी. चुका होतात त्या नेहमीच्याच ठिकाणी: विगची बट कोणत्या कानामागे, पर्स कोणत्या खांद्यावर, सोफ्यावरची उशी, शर्लीच्या डोक्याचा रुमाल, आणि घाम. दुसऱ्या अंकाच्या शेवटी गाणाऱ्यांचे कपडे काखेत ओले असतात आणि आदल्या रात्रीच्या कोरड्या शॉटशी ते जुळत नाहीत. प्रत्येक पोशाखाची दुसरी प्रत हवी, आणि दोन्ही रात्री ती त्याच प्रवेशाआधी बदलावी.

कॅमेरे

अशा प्रयोगाला सहा ते आठ कॅमेरे लागतात. मधोमध मागे एक पूर्ण रंगमंच धरून बसलेला, अजिबात न हलणारा. विनोदी नाटकात हाच सगळ्यांत मौल्यवान, कारण ॲडिशन कुठे सुरू होईल ते दिग्दर्शकाला आधी ठाऊक नसतं आणि बाकीचे कॅमेरे धावत असताना हा एकटा चुकत नाही. मागेच, डावी-उजवीकडे, लांब पल्ल्याच्या लेन्सचे दोन. रंगमंचाच्या कडेला खाली दोन, नटांच्या चेहऱ्यांसाठी. एक क्रेनवर, गाण्यांसाठी. आणि एक, शक्यतो दोन, प्रेक्षकांकडे तोंड करून.

पेरीची उंची सुमारे १९६ सेंटिमीटर, वर विग. समोर पाच फुटी नटी असली की दोघं एका चौकटीत घेताना एकाचं कपाळ जातं किंवा दुसरीची हनुवटी तळाला टेकते. खालच्या कॅमेऱ्यातून मेडिया आणखी डोंगराएवढी दिसते. विनोदासाठी ते ठीक, रडण्याच्या प्रवेशात वाईट. तिथे मागच्या लांब लेन्सवर जावं, कारण दुरून उंचीतला फरक कमी जाणवतो.

प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतंत्र मुद्रण हवं, सगळ्यांवर एकच टाइमकोड (चित्रावरची वेळेची खूण) हवा. नियंत्रण कक्षात दिग्दर्शक जागच्या जागी कॅमेरे बदलत असतोच, पण तो कट फक्त कच्चा आराखडा. हशाच्या क्षणी तो बोलणाऱ्यावर असतो, आणि संकलनात हवा असतो तो ऐकणाऱ्याचा चेहरा.

एक धंद्याची गोष्ट, जी हमखास विसरली जाते. मागच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या चौथऱ्याखाली डझनभर खुर्च्या जातात आणि त्याच्यामागच्या काही खुर्च्यांना रंगमंच दिसत नाही. क्रेनची कमान फिरते तेवढ्या पट्ट्यातही तेच. या खुर्च्या बुकिंग उघडण्याआधीच नकाशावरून काढाव्या लागतात. विकल्यावर काढायला गेलं की दारात भांडण, आणि चिडलेला प्रेक्षक हसत नाही. चित्रीकरण होणार असल्याचा ठळक फलक प्रत्येक दारावर लावावा, तिकिटावरही तो मजकूर छापावा. पडद्यावर दिसलेल्या चेहऱ्याचा मालक उद्या विचारायला येऊ शकतो.

दिवे आणि चेहरे

रंगमंचाची प्रकाशयोजना डोळ्यासाठी असते. डोळा एकाच वेळी उजेड-अंधाराचा जितका मोठा पल्ला सांभाळतो, तितका व्हिडिओ कॅमेरा सांभाळत नाही. त्यात फॉलो स्पॉट, म्हणजे नटामागे फिरणारा प्रकाशझोत, गायिकेवर पडला की चेहरा भाजून निघतो आणि मागचा कोरस काळोखात बुडतो. उपाय म्हणजे स्पॉट मंद करणं आणि बाकी रंगमंच उचलणं. स्पॉट भोवतालापेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर पुरतो, नाटकात तो अनेकदा तीन स्टॉप वर असतो. शिवाय रंगमंचाचे जुने दिवे ३,२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर, आणि आर्कचा स्पॉट ५,६०० च्या वर, म्हणजे निळसर. जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) न लावता घेतलं की गायिका निळसर दिसते. स्पॉटला नारिंगी जिलेटिन लावलं की रंगही जुळतो आणि तीव्रताही उतरते, एका दगडात दोन पक्षी.

सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या चेहऱ्यांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. गोऱ्या चेहऱ्याला व्हिडिओच्या उजेडपातळीच्या ७० टक्क्यांवर धरायची सवय असलेला कॅमेरामन तोच आकडा इथे लावतो. मग चेहरा पिठासारखा दिसतो आणि पांढरे शर्ट नुसते पांढरे डाग होतात. चेहरे ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहू द्यावेत आणि त्यांना आकार द्यावा तो बाजूच्या आणि मागच्या उजेडाने: खांद्यावर, केसांवर, गालाच्या हाडावर. मागच्या भिंतीचा रंग त्वचेच्या रंगापासून लांबचा हवा, तपकिरी भिंतीपुढे माणसं विरघळतात. कोरसचे पांढरे झगे चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळवायची जुनी युक्ती अजून चालते.

मेडियाच्या चष्म्यात स्पॉटचं प्रतिबिंब पडतं आणि डोळे दिसेनासे होतात. काचा काढून नुसती फ्रेम घालावी, नाहीतर काड्या कानांवर जरा उचलून काचा खाली झुकवाव्यात. विनोदाचं अर्धं काम डोळ्यांचं, हे विसरून चालत नाही.

ध्वनी: खरी परीक्षा

चित्र मध्यम असलेलं नाटक माणसं घरी बघतात. न ऐकू येणारं नाटक कुणी बघत नाही.

प्रत्येक नटाला केसांच्या रेषेत बसवलेला छोटा बिनतारी माइक असतो. विगखाली घाम साचतो, माइकच्या तोंडावर थेंब आला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मेडियाच्या पोशाखाखाली जाड भरण असल्याने माइकची प्रक्षेपक पेटीही तापते. मुख्य पात्राला दोन माइक, दोन पेट्या हव्यात, प्रत्येक स्वतंत्र वाहिनीवर. मध्यंतरात सगळ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, ‘अजून अर्धी आहे’ हे ऐकून घ्यायचं नाही.

गॉस्पेलची खास अडचण पुढे आहे. शर्ली खाटेजवळ कुजबुजते आणि दोन मिनिटांत छातीच्या आवाजात गाते. कुजबुजीला लावलेला माइक गाण्यात फाटतो. हातात माइक दिला तर दिवाणखान्याचा मंच होतो, नाटक मोडतं. म्हणून एकच माइक दोन वाहिन्यांवर मुद्रित करावा, दुसरीची पातळी १२ डेसिबल खाली. मिश्रणाच्या वेळी गाण्यापुरती खालची वाहिनी घ्यायची. एवढं केलं की पुढचा निम्मा त्रास वाचतो. पण माइकच स्वतः फाटत असेल तर दुसऱ्या वाहिनीने काही होत नाही. मोठा आवाज पेलणारा माइक निवडणं ही आधीची पायरी आहे.

बँड पूर्ण असतो: ऑर्गन, पियानो, बास, गिटार, ड्रम. ड्रमभोवती पारदर्शक पडदा लावला नाही तर प्रत्येक नटाच्या माइकमध्ये झांजा शिरतात, आणि नंतर संवादाचा आवाज वाढवला की झांजाही वाढतात.

आता प्रेक्षक. रंगमंचाच्या कडेवर खुर्च्यांकडे तोंड केलेले दोन माइक, बाल्कनीच्या कठड्यावर दोन, आणि खाली मागच्या बाजूला दोन. पहिली जोडी पुढच्या रांगांतली सुटी उत्तरं पकडते: ‘आमेन’, ‘नाही हो!’, कुणाचं तरी मोठ्याने हुंकारणं. बाल्कनीची जोडी हशाचा लोंढा पकडते. दोन्ही लागतात. फक्त लोंढा घेतला तर हशा डब्यातला वाटतो, फक्त सुटे आवाज घेतले तर वीस माणसांत प्रयोग झाल्यासारखा.

इथे एक चूक फार होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बाल्कनी ३० मीटरवर असेल तर नटाचा आवाज तिथल्या माइकवर ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे चित्राच्या अडीच फ्रेम. तो ट्रॅक तसाच मिसळला की प्रत्येक शब्दामागे दुसरा शब्द ऐकू येतो. मग ध्वनिमिश्रक वैतागून प्रेक्षकांचा आवाजच खाली करतो आणि तबकडी मेली. उपाय सोपा आहे. प्रयोगाआधी रंगमंचाच्या मध्यावर लाकडी पट्ट्या आपटून सगळ्या माइकवर तो ठोका मुद्रित करायचा आणि मिश्रणात मागचे ट्रॅक तेवढे पुढे ओढायचे. संवाद चालू असताना प्रेक्षकांचे माइक ८–१० डेसिबल खाली, पण कधीही बंद नाहीत. बंद केले की दोन वाक्यांच्या मधे सभागृह नाहीसं होतं आणि ते कानाला लगेच कळतं.

पाच स्पीकरच्या मिश्रणात संवाद मधल्या स्पीकरवर, प्रेक्षक बाजूला आणि मागे. मात्र २०१० मध्ये बहुतेक घरांत टीव्हीचेच दोन स्पीकर होते. म्हणून दोन वाहिन्यांत दुमडलेलं मिश्रण स्वस्त टीव्हीवर ऐकून मगच मंजूर करावं.

गाण्यांचे हक्क

बजेट कोसळतं ते इथे. रंगमंचावर गाणं म्हणायची परवानगी आणि ते गाणं चित्रासह तबकडीवर घालायची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत केवळ ध्वनिमुद्रणासाठी सक्तीचा परवाना मिळतो: ठरलेला दर भरा, दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात काढा. चित्राला ही सोय नाही. प्रत्येक प्रकाशकाशी, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी, वेगळी बोलणी करावी लागतात, आणि त्याने नाही म्हटलं तर विषय संपला.

नाटकासाठी मुद्दाम लिहिलेल्या गाण्यांचं काही नाही, ते करारातच मिटतं. जुनी भक्तिगीतंही बहुतेक मोकळी: ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले. पण त्याची आज चर्चमध्ये गातात ती विशिष्ट मांडणी कुणाची तरी असू शकते. गॉस्पेल गीतकार थॉमस डॉर्सीची १९३० च्या दशकातली गाणी पारंपरिक वाटतात इतकी रुळली आहेत. ती पारंपरिक नाहीत आणि मोकळीही नाहीत.

खरी पंचाईत मेडियाच्या मैफलीची. ती एका जुन्या गाण्याची ओळ म्हणते, प्रेक्षक पुढची ओळ पुरी करतात, बँड आपोआप साथ देतो, मग दुसरं गाणं. दहा मिनिटांत आठ-दहा गाण्यांचे तुकडे. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘आठ मात्रांपर्यंत फुकट’ असा कोणताही नियम कायद्यात नाही, हा समज इंडस्ट्रीत उगाच पसरला आहे. एका तुकड्याची परवानगी आली नाही की तो कापावा लागतो, आणि मैफलीतून मधलाच तुकडा काढला तर प्रेक्षकांचा चढत गेलेला आवाज एकदम पायरी उतरतो. शिवाय अनेक प्रकाशक अट घालतात की, दुसऱ्या कुणाला जास्त दर दिला तर आम्हालाही तोच. म्हणजे सगळ्यांत महागडा तुकडा सगळ्यांचा भाव ठरवतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. दौऱ्यातल्या पहिल्या काही प्रयोगांचं साधं मुद्रण ऐकून कोणकोणते तुकडे येतात त्याची यादी करायची: गाणं, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, किती सेकंद, पात्र गातं की मागे वाजतं. परवानग्या मागवायच्या. चित्रीकरणाच्या आधी नटाच्या हातात दोन याद्या द्यायच्या, चालणाऱ्यांची आणि न चालणाऱ्यांची. ॲडिशन घेणाऱ्या नटाला हे जाचक वाटतं. संकलनात गाण्याचा आवाज गेलेली आणि नुसतेच ओठ हलणारी मैफल पाहिली की पटतं.

मराठी नाटकांचं चित्रीकरण करणाऱ्यांनाही हे लागू आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. किर्लोस्कर-देवलांची पदं मोकळी आहेत, पण १९७० च्या दशकातलं लोकप्रिय गाणं विनोदी प्रवेशात दोन ओळी गुणगुणलं तरी ते मोकळं नाही.

हशाची कात्री

सभागृहात आठ सेकंदांचा हशा छोटा वाटतो, घरी सोफ्यावर एकट्याने बघताना लांब. संकलक तो पाचवर आणतो. तीनवर आणला तर नट पुढचं वाक्य घाईत बोलल्यासारखा दिसतो, कारण प्रत्यक्षात तो हशा ओसरायची वाट बघत थांबला होता आणि त्याचं थांबणं चेहऱ्यावर दिसतं. कापायचा तो मधला भाग. चढ आणि उतार दोन्ही शाबूत हवेत.

प्रेक्षकांचे शॉट जपून. हसणारी बाई दर हशाला दिसली की जाहिरात वाटते. आमच्या मते अंकाला पाच-सहा पुरे, आणि तेही हसण्याचे कमी, उत्तर देण्याचे जास्त: हात वर केलेला, मान हलवणारा, शेजारणीच्या मांडीवर थाप मारणारी. दुसऱ्या प्रवेशातला हशा पाचव्यात लावण्याचा मोह आवरावा. टोपी घातलेला एक माणूस दोनदा त्याच कोनात हसला की प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

बेअरिंग सुटलेले क्षण कापू नयेत. नेहमीचं नाटक असतं तर तो दोष ठरला असता. इथे पेरी पात्रातून बाहेर येऊन सहनटाची फिरकी घेतो, तेवढ्यासाठी माणसं तोच प्रवेश मागे नेऊन पुन्हा बघतात.

तबकडी

नाटक १४० मिनिटांचं धरू. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात, म्हणजे सरासरी सेकंदाला ४.५ मेगाबिट. त्यातून ध्वनीचे दोन ट्रॅक वजा केले की चित्राला ३.८ उरतात. दिवाणखान्यातल्या संवादांना हे चालेल, पण शेवटच्या गाण्यात दिवे फिरतात, सगळं सभागृह हात हलवतं आणि चित्राचे चौकोन पडतात. दोन थरांच्या ८.५ अब्ज बाइटमध्ये तीच सरासरी ८ च्या वर जाते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

दोन थर घेतले की थर बदलताना जुन्या यंत्रांवर चित्र क्षणभर अडकतं. तो बदल मध्यंतराच्या काळोखात टाकावा. पण पहिल्या थरात निम्मा किंवा जास्त मजकूर असावाच लागतो. पहिला अंक ७५ मिनिटांचा असेल तर मध्यंतर बरोबर जागी येतं. ६० चा असेल तर येत नाही आणि दुसऱ्या अंकातला एखादा ब्लॅकआउट शोधावा लागतो.

प्रकरणांची विभागणी गाण्यांवर करावी. लोक गाण्याकडे उडी मारतात आणि मेडियाच्या एन्ट्रीकडे.

चित्रपट आल्यावर

चित्रपटात शर्ली झाली लोरेटा डिव्हाइन. कॅसी डेव्हिस आन्ट बॅमच राहिली, मेडिया अर्थात पेरीच. १०६ मिनिटं, मोकळी घरं, रस्ते, गाड्या, आणि अमेरिकेत सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरची कमाई. मैफल गेली, प्रेक्षकांशी गप्पा गेल्या. त्याच विनोदानंतर तिथे शांतता असते आणि पुढचं वाक्य लगेच येतं. पेरीच्या विनोदावर कृष्णवर्णीय समाजातूनच कडाडून टीका झाली आहे, २००९ मध्ये दिग्दर्शक स्पाइक लीने जाहीरपणे केली. तिच्यात तथ्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालताना निदान डीव्हीडी बघावी. चित्रपटात मेडिया एकटी ओरडते, नाटकात तिला दोन-तीन हजार माणसं उत्तर देत असतात, आणि थट्टा कोण कुणाची करतंय हे तिथे वेगळं दिसतं.

२०२० मध्ये मेडियाच्या निरोपाच्या नाटकाचं मुद्रण थेट बीईटी प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर आलं. तबकडीचा जमाना सरला तसा जुन्या मुद्रणांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. गाण्याचा परवाना देताना माध्यम, प्रदेश आणि मुदत अशा तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. माध्यमाच्या रकान्यात नुसतं ‘होम व्हिडिओ’ असेल तर तेच मुद्रण स्ट्रीमिंगवर टाकण्याआधी प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा प्रकाशकाच्या दारात जावं लागतं, आणि मधल्या काळात तो प्रकाशक दुसऱ्याने विकत घेतलेला असतो. आज करार करणाऱ्यांनी ‘सर्व माध्यमं, सर्व जग, कायमस्वरूपी’ हेच मागावं, जास्तीचा दर पडला तरी. आणि मिश्रण झाल्यावर प्रत्येक माइकचा सुटा ट्रॅक, प्रेक्षकांचे सहाही, जपून ठेवावेत. एखाद्या गाण्याची परवानगी पुढे मिळालीच नाही, तर ते काढून त्या जागी पडलेलं भोक भरायला त्याच रात्रीचा, त्याच सभागृहाचा आवाज लागतो.